मोठ्यानं सांगायचा पासवर्ड

रक्तपेढीत त्याला सगळे नेटके म्हणत. नव्या माणसांना ते आडनाव वाटे, आणि पगारपत्रकात भलतंच आडनाव दिसलं की ती गोंधळत. नेट सांभाळतो म्हणून नेटके, आणि काम नेटकं करतो म्हणूनही नेटके, अशी ती एका दगडात दोन पक्षी मारणारी थट्टा होती. त्याला मात्र ती थट्टा वाटत नसे, पदवी वाटे.

मशीनच्या खोलीत गेलं की त्या पदवीचं कारण कळायचं. निळ्या वायरी एका बाजूला, पिवळ्या दुसऱ्या बाजूला, प्रत्येकीला चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक अक्षरात ती कुठून कुठं जाते ते. चपला बाहेर, चहा बाहेर, आणि फोनवर बोलत कुणी आत शिरलं तर तोही बाहेर. झाडलोट करणाऱ्या मावशींना तो बजावायचा, "मावशी, फरशी पुसा, पण वायरींना हात लावू नका. बघूसुद्धा नका." मावशी म्हणायच्या, "बघितल्यानं तुटतात होय रे?" आणि मुद्दाम टक लावून बघत उभ्या राहायच्या.

खोलीच्या मधोमध लोखंडी मांडणीवर एक काळी पेटी होती. तिचं नाव फायरवॉल. नव्या माणसाला तो समजावून सांगे, "गेटवरचा वॉचमन समजा. ओळखीच्याला आत सोडतो, अनोळखी माणसाला अडवतो. आपल्या वॉचमनमध्ये आणि ह्याच्यात फरक एवढाच की हा झोपत नाही." शहरात रक्ताच्या साठ्याची केंद्रं विखुरलेली होती. कुठल्या केंद्राच्या फ्रीजमध्ये कुठल्या गटाची पिशवी आहे, कुणी मागितली, कुठं गेली, हे सगळं त्या पेटीतून ये-जा करायचं. टेबलांवरचे फोनसुद्धा तिच्यातूनच बोलायचे. आणि ती पेटी बसवल्यापासून एकदाही बंद पडली नव्हती. हे नेटके लग्नातसुद्धा सांगायचा. समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी सांगायचा. नाकानं कांदे सोलणारी माणसं असतात, त्यांतला तो होता, पण कामाला चोख होता म्हणून लोक ऐकून घेत.

पेटी बसवली त्या दिवसाचं मात्र तो कुणाला सांगत नसे.

त्या वेळी तांत्रिक विभागाचे प्रमुख होते ते सबुरी. हेही टोपणनाव. कुणी धावत आलं, ओरडत आलं, रडत आलं, तरी हा माणूस आधी म्हणायचा, "जरा सबुरीनं." संथ चालायचे, संथ बोलायचे, सही करतानाही अक्षर न् अक्षर कोरायचे. ते निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची जागा नेटकेला मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं. लोकांनी अभिनंदनही करून टाकलं होतं. नेटकेनं सासऱ्यांना सांगितलं होतं, आणि सासऱ्यांनी त्यांच्या गल्लीत. मग एका सकाळी कळलं की व्यवस्थापनानं सबुरींना मुदतवाढ दिली. नेटकेला ते कुणी बोलावून सांगितलंही नाही, सूचना फलकावर वाचायला मिळालं. त्या रविवारी सासऱ्यांनी जेवताना विचारलं, "मग, जावईबापू, खुर्ची कशी आहे?" तो घास त्याला गिळता आला नव्हता.

पेटी बसवायला कंपनीचा माणूस आला तो नेमका दुसऱ्या दिवशी. तो म्हणाला, "साहेब, ही पेटी पूर्ण बंद होऊन परत सुरू झाली ना, की एक वाक्य मागेल. ते दिल्याशिवाय आतलं काही उघडणार नाही. उद्या कुणी चोरून नेली तरी त्याच्या हाती काही लागू नये म्हणून. शब्द नको, मोठं वाक्य ठेवा. आणि कागदावर लिहू नका. मनातलं काहीतरी ठेवा, म्हणजे विसरणार नाही." मग त्यानं सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं.

नेटकेनं मनातलंच ठेवलं. इंग्रजी अक्षरं, सगळी लहान, मध्ये जागा न सोडता. ते वाक्य त्याला आठवायचं ते असं: म्हातारा कधी जाणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पेटी कधी बंद पडली नाही आणि ते वाक्य तिनं कधी मागितलं नाही.

पुढं सबुरी यथावकाश निवृत्त झाले. नेटकेला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि तिथं बसल्यावर कळलं की दुपारी ऊन नेमकं स्क्रीनवर येतं. सबुरींची बायको गेली. घरात भिंती किती वेळ बघणार, म्हणून ते पुन्हा रक्तपेढीत येऊ लागले, पगाराविना. रक्त देऊन उठलेल्या माणसांना पाणी द्यायचे, चक्कर आलेल्याच्या उशाशी बसायचे. साहेबाचे ते सगळ्यांचे काका झाले. नेटकेची मुलगी गणिताच्या नावानं रडायची, तिला त्यांनी रविवारी रविवारी बसवून असं शिकवलं की ती आता परगावी इंजिनिअरिंगला होती. नेटकेच्या बायकोला ते 'बाई' म्हणत, आणि ती त्यांच्यासाठी साखर कमी टाकलेला चहा वेगळा करी.

आता अशा माणसाविषयी ते वाक्य पेटीत पडलेलं आहे, हे नेटकेला टोचत नसे असं नाही. टोचायचं. बदलून टाकू, असं तो म्हणायचा. पण बदलायचं तर पेटी बंद करून चालू करावी लागणार, म्हणजे सगळी पेढी थोडा वेळ ठप्प. शिवाय कधीही बंद न पडलेली पेटी आपल्याच हातानं बंद करायची? चालतंय ना, मग हात कशाला लावा. एवढ्या नेटक्या माणसानं घाण गालिच्याखाली सारावी तशी ती गोष्ट सारली होती, आणि वर्षं गेली.

मग तो शिडीवरून पडला. छतावरून वायर ओढत होता, पाय घसरला, आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी सांगितलं, जिना उतरायचं नाव काढू नका. दुसऱ्याच संध्याकाळी सबुरी कठड्याला धरून धापा टाकत वर आले, खुर्चीत बसले, श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "तुझी किल्ली दे. तू येईपर्यंत मी बसतो त्या खोलीत. मला काही येत नाही, पण तू फोनवर सांग, मी करीन."

नेटकेनं किल्ली दिली. वर ऐकवलंही, "चपला बाहेर काढा हं, काका."

ते रोज संध्याकाळी येऊन दिवसभराचं सांगून जायचे.

आणि एका सकाळी, बायको शाळेला सुट्टी म्हणून घरी होती, तिनं नुकता चहा दिला होता, तेव्हा फोन वाजला. काकांचा.

"नेटके, वीज गेली होती. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणतात. जनरेटर चालू झाला आणि लगेच बसला, तोवर तुझ्या बॅटऱ्याही संपल्या. आता वीज आलीय. बाकी सगळं उठलं, तुझी पेटी उठत नाही."

"उठत नाही म्हणजे? दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"नारिंगी. मिचमिचतोय."

नेटकेनं फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याला काम मिळालं होतं. उशीला टेकून, प्लास्टर स्टुलावर ठेवून त्यानं हुकूम सोडायला सुरुवात केली. मागची विजेची वायर काढा, पुन्हा लावा. ती नव्हे हो, तिच्या खालची. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. पंख्याचा आवाज येतोय का? येतोय? मग वीज पोचतेय. आता पूर्ण बंद करा, जरा थांबा, चालू करा. सबुरी प्रत्येक गोष्ट करायचे आणि केल्यावर "केलं" म्हणायचे. दिवा नारिंगी तो नारिंगीच.

मागून आवाज आला. लॅबमधल्या ताई होत्या, दारातूनच बोलत होत्या. "काका, कधी होईल? प्रसूतीच्या दवाखान्यातून माणूस येऊन उभा आहे. बाई टेबलावर आहे, गट दुर्मीळ आहे. आपल्या फ्रीजमध्ये नाही, कुठल्यातरी केंद्रात एक पिशवी होती, पण कुठल्या ते कंप्युटरशिवाय कळत नाही. मी आणि बाकीचे मोबाईलवरून एकेका केंद्राला विचारतोय, अर्धे उचलत नाहीत."

"जरा सबुरीनं, ताई. नेटके लावतोय ना," काका म्हणाले. तो विश्वास ऐकून नेटकेला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"काका, कपाटात लहान स्क्रीन आहे आणि कीबोर्ड आहे. पेटीला जोडा. तिला काय हवंय ते तीच सांगेल."

जोडायला वेळ लागला. मग काका चष्मा पुसून एकेक शब्द वाचू लागले, "एंटर... पास... फ्रेज. टु अनलॉक. खाली एक चौकोन आहे, त्यात रेघ मिचमिचतेय."

नेटकेच्या तोंडचं पाणी पळालं.

इतका वेळ त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पेटी कधी बंद पडली नव्हती, तेव्हा उठताना ती काय विचारते हे तो विसरून गेला होता. आता आठवलं. आणि ते सांगायचं कुणाला, तर ज्याच्यावर ते आहे त्यालाच, मोठ्यानं, एकेक अक्षर.

"काका," तो म्हणाला, "जरा ताईंना द्या ना फोन."

"ताई दोन्ही कानांना फोन लावून बसल्यात. मला सांग, मला जमतंय."

"दुसरं कुणी असेल?"

"अरे, किल्ली मला दिलीस ना? सांग."

दुसरी वाट होती का, हे त्यानं सगळं पाहिलं. पेटी पार पुसून नव्यानं सुरू करता येत होती, पण मग तिच्यातले सगळे नियम पुन्हा घालायला दिवस गेला असता, आणि ते घालायला तिथं तो हवा होता. कंपनीचा माणूस आला असता तो संध्याकाळी. त्यानं बायकोला हळूच विचारलं, "मला खुर्चीत घालून खाली नेता येईल का गं? खालच्या दुकानातली पोरं उचलतील." ती म्हणाली, "हाड अजून जुळलं नाही. आणि या वेळच्या गर्दीत पोचणार कधी तुम्ही? ती बाई तिथं टेबलावर आहे." मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "पासवर्ड विसरलात का?"

विसरला असता तर किती बरं झालं असतं!

स्क्रीनवर अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात, एवढाच काय तो आधार होता. काका एक बोट कीबोर्डवर फिरवत एकेक अक्षर शोधणार, शोधता शोधता मागचं विसरणार. वाक्य त्यांच्या डोक्यात जुळणारच नाही. आणि जुळलंच, तर? तर म्हणता येईल की, 'जाणार' म्हणजे निवृत्त होणार. ऑफिसात असं म्हणतातच की, अमके साहेब कधी जाणार, तमके कधी जाणार. वाईट आहे, पण इतकं नाही. 'जाणे' हा शब्द मोठा सोयीचा आहे. माणूस ऑफिसातून जातो, गावाला जातो, जगातून जातो, शब्द तोच. त्या सोयीच्या शब्दाला घट्ट धरून नेटकेनं सुरुवात केली.

"एम."

"एम," काका म्हणाले. "थांब, मी आधी कीबोर्डच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतो. नाहीतर माझी गडबड होईल. हं. एम."

लिहून घेतो म्हटल्यावर नेटकेनं डोळे मिटले.

"एच. ए. टी. ए. आर. ए."

"आर, ए. पुढं?"

"के. ए. डी. एच. आय." त्याचा आवाज खाली खाली चालला होता.

"मोठ्यानं बोल रे, इथं पंखे चालू आहेत."

"जे!" तो जवळजवळ ओरडला. "ए. एन. ए. आर. संपलं."

बायको शिक्षिका होती. मुलांनी चुकवलेली अक्षरं जुळवण्यात तिची हयात गेली होती. तिचे ओठ आपोआप हलले, आणि मग ते हलायचे थांबले. तिनं नवऱ्याकडे बघितलं. चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

तिकडून एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. टक. टक. मग सगळं थांबलं.

"नाही घेत," काका म्हणाले. "लाल अक्षरात काहीतरी आलंय. चुकलं म्हणते, आणि दोनदा अजून विचारीन म्हणते. त्यानंतर कुलूप."

"तुमच्याकडून एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असेल."

"असेल," काका म्हणाले. मग अगदी नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "'कधी'मध्ये एच आहे ना? का नुसता डी?"

नेटकेला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ती तिसऱ्या मजल्यावर कुठली यायला. त्यांनी वाचलं होतं. पुठ्ठ्यावर त्यांच्याच त्या कोरीव अक्षरात लिहिलेलं वाक्य त्यांनी वाचलं होतं, आणि त्याला स्पेलिंग विचारत होते.

"एच आहे," तो म्हणाला.

"मग बरोबर टाकलं होतं. पुन्हा टाकतो."

टक. टक. टक. मध्येच ताईंचा आवाज जवळ आला. "काका, काय लिहिलंय हे? मी वाचू का, तुम्ही टाका?"

"नको, नको," काका घाईनं म्हणाले. सबुरी आयुष्यात कधी घाईनं बोलले नव्हते. "यंत्राची भाषा आहे ती, ताई, आपल्याला काय कळणार त्यातलं. तुम्ही फोन बघा." आणि पुठ्ठा उलटा केल्याचा आवाज नेटकेला इकडं ऐकू आला.

ते आपल्याला वाचवताहेत, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला रडू येईल असं वाटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पन्नाशीच्या घरातला माणूस, पाय स्टुलावर, आणि तोंड लपवायला हाताशी फक्त उशी.

"नाही घेत," काका म्हणाले. "आता एकदाच."

"असं कसं होईल? हेच आहे. मला पक्कं आठवतंय, हेच..."

"नेटके. जरा सबुरीनं. नीट आठव."

त्यानं आठवलं. तो दिवस, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो कंपनीचा माणूस, आदल्या दिवशीचा सासऱ्यांचा प्रश्न. कीबोर्डवर आपटलेली आपली बोटं. पहिले दोन शब्द बरोबर होते, त्यांत शंका नव्हती. तिसरा त्यानं पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितला. इतकी वर्षं तो तसाच म्हणत आला होता. आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात येऊ लागलं की बोटांनी त्या दिवशी आपटलेलं पहिलं अक्षर 'जे' नव्हतं. ते कीबोर्डच्या खालच्या ओळीत होतं. माणूस आपल्या आठवणीलासुद्धा फसवतो; दरवर्षी थोडंथोडं घासून त्यानं त्या शब्दाची धार काढून टाकली होती, आणि वर त्या बोथट शब्दावर आपला बचाव रचला होता.

त्यानं तोंड उघडलं. बायको समोर बसून त्याच्याकडेच बघत होती. फोनमधून पंख्यांचा आवाज येत होता, त्यामागं कुणीतरी केंद्राचं नाव ओरडत होतं, आणि दवाखान्यातून आलेला माणूस विचारत होता, "झालं का? झालं का?" नुसतं एक अक्षर सांगायचं होतं. त्या अक्षरासाठी एक बाई टेबलावर पडून होती. तरी ते त्याच्या तोंडून निघेना. असा मी आहे, असं त्याला वाटलं. असाच होतो, नुसता चिठ्ठ्या लावून ठेवलेला.

"काका... तो शेवटचा शब्द..."

"कळलं," काका म्हणाले. "फार चिडला होतास तू त्या वेळी. राहू दे, सांगू नको. मी टाकतो."

टक. टक. टक. तो मोजत नव्हता, तरी शेवटच्या शब्दाला एक कळ जास्त पडली हे त्याला कळलं.

मग पेटीचा पंखा एकदम जोरात फिरला आणि मंद झाला. तिकडं कुणाच्या तरी टेबलावरचा फोन खणखणला, मग दुसरा, मग सगळे. ताई ओरडल्या, "आलं! दिसतंय! नदीपलीकडच्या केंद्रात आहे पिशवी, गाडी काढा!" धावपळ झाली, दारं आपटली.

"हिरवा झाला," काका म्हणाले.

नेटकेनं विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलंच. "काय टाकलंत?"

"तू टाकलं होतंस तेच."

आणि त्यांनी फोन ठेवला.

बऱ्याच वेळानं बायकोनं विचारलं, "मरणार होतं ना?" त्यानं मान हलवली. ती उठून आत गेली. भांडी घासलेलीच होती, ती तिनं पुन्हा घासायला घेतली.

दुपारी ताईंनी फोन करून सांगितलं की पिशवी वेळेवर पोचली, आई बरी आहे, मूलही बरं आहे. "तुमची कमाल आहे हं, नेटके, घरबसल्या लावलंत," त्या म्हणाल्या. त्यानं "काकांनी लावलं" असं म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "काका तर म्हणतात सगळं तुम्हीच सांगितलं."

संध्याकाळी ते येऊ नयेत असं त्याला वाटत होतं. आणि ते आले नाहीत तर काय, याचीही भीती वाटत होती. नेहमीच्या वेळेला जिन्यावर पावलं वाजली. पहिल्या मजल्यावर थांबली, दुसऱ्यावर जास्त वेळ थांबली. मग सबुरी दारात उभे राहिले, चपला बाहेर काढून आत आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले.

त्यांनी दिवसभराचं सांगितलं. जनरेटरवाला येऊन गेला. बॅटऱ्या बदलायच्या आहेत. पेटी नीट चालली आहे. वाक्य तेवढं बदलून घ्यायला हवं, पण ते नेटके आल्यावरच करील, आपण त्यात हात घालणार नाही. पुठ्ठ्याचे तुकडे करून टाकले, काळजी नसावी. हे सगळं एकाच आवाजात, बॅटऱ्याही त्याच आवाजात आणि पुठ्ठाही त्याच आवाजात. बायकोनं साखर कमी टाकलेला चहा आणून ठेवला. ते चहा प्याले.

नेटकेनं दिवसभर पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. मुदतवाढ, सासरे, सूचना फलक, रागाच्या भरात माणूस काय काय करतो. काकांच्या हातातला रिकामा कप बघितल्यावर त्यातलं एकही वाक्य त्याला तोंडातून काढण्याच्या लायकीचं वाटेना.

"काका, माझं चुकलं," तो म्हणाला.

सबुरींनी कप खाली ठेवला. "चुकलेलं तर ती पेटी घेतच नाही," ते म्हणाले. "दोनदा नाहीच घेतलं ना? बरोबर होतं ते टाकलं, तेव्हा उघडली."

ते रागानं म्हणाले नाहीत. नेटके प्लास्टरकडे बघत बसला. त्यावर मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिनं निळ्या पेनानं एक हसरा चेहरा काढून ठेवला होता, तो आता खुळ्यासारखा दिसत होता.

ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "जातो मी," ते म्हणाले.

निरोप घेताना असं कुणी म्हणत नाही. घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो, आणि चुकून कुणाच्या तोंडून 'जातो' निघालंच तर घरातलं कुणीतरी लगेच त्याला अडवतं. अडवायचं नेटकेनं होतं. एरवी कुणालाही त्यानं ते सहज म्हटलं असतं, पेपर टाकणाऱ्यालासुद्धा. पण 'जाऊ नका, येतो म्हणा' हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? काका चपला शोधत होते. एक पाय चपलेत गेला, मग दुसरा.

स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली. "काका, असं काय म्हणता?" ती म्हणाली. "येतो म्हणावं माणसानं."

सबुरी कठड्याला धरून वळले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, फक्त तिच्याकडे.

"हो बाई," ते म्हणाले. "तुझ्याकडं येतो."